कॅरेसाहेबांचीं सात वर्षें

इंग्लंडांत जोडे शिवण्याचा धंदा केलेले विल्यम कॅरे ख्रिस्ताची सुवार्ता सांगण्यासाठीं १७९३ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास उतरले. पण पुढें वाटच खुंटली. चरितार्थासाठीं मुदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यावर राहावें लागलें. १७९४ सालीं मुलगा पीटर निवर्तला. पत्नीच्या मनाचा तोल ढळला. सात वर्षें उपदेश करूनही एकाही बंगाली मनुष्यानें दीक्षा घेतली नाहीं.

त्या काळांत कॅरेसाहेब बंगाली व संस्कृत शिकत, बायबलाचें भाषांतर करीत राहिले. २८ डिसेंबर १८०० रोजीं श्रीरामपुरास कृष्ण पाल नांवाच्या सुतारानें बाप्तिस्मा घेतला. भाषांतर हाताशीं होतें, म्हणूनच १८०१ सालीं बंगाली नवा करार छापून निघाला. १८०५ सालीं त्यांचें मराठी व्याकरणही आलें.

११ मार्च १८१२ रोजीं आगींत छापखाना व कित्येक हस्तलिखितें भस्मसात् झालीं. अक्षरांचे सांचे मात्र वांचले. वितळलेल्या धातूचेच नवे टाईप ओतून काम पुन्हां सुरू झालें.

फळ देणें ईश्वराकडे, हातचें काम आपणांकडे, ही वांटणी त्यांच्या आयुष्यांत स्पष्ट दिसते. त्यांची श्रद्धा ती हीच.