अपडाऊनवाल्यांचं विद्यापीठ

अटलांटा शहराच्या ऐन मध्यात एका रात्रकॉलेजनं १९४६ साली आपलं बिऱ्हाड एका पार्किंग गॅरेजमध्ये हलवलं. गॅरेज बहुमजली होतं. गाड्या वर चढवण्यासाठी आत सिमेंटचे उतार बांधलेले होते. ते तोडायला पैसे नव्हते आणि गरजही नव्हती. उतार तसेच राहिले, मजल्यांवर भिंती घालून वर्ग आणि प्रयोगशाळा काढल्या आणि पुढची सत्तरहून अधिक वर्षं मुलं या मजल्यावरून त्या मजल्यावर उतारानंच चालत गेली. छत बुटकं, खिडक्या जेमतेम. इमारतीला नंतर ‘केल हॉल’ असं नाव दिलं, तरी आत शिरलं की हे मूळचं गॅरेज आहे हे सांगावं लागत नसे. मला यातली गंमत वेगळीच वाटते. गाड्यांसाठी बांधलेल्या या इमारतीत शिकायला येणारी बरीचशी मंडळी पुढे गाडीनंच यायची आणि तास संपला की गाडीनंच निघून जायची.

या संस्थेचं आजचं नाव जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटी. विद्यार्थी पन्नास हजारांच्या वर. पण तिची वाटचाल समजून घ्यायची तर सुरुवातीचा गरिबीचा काळ बघायला हवा. १९१३ मध्ये जॉर्जिया टेक या इंजिनिअरिंगच्या नामवंत संस्थेनं नोकरदारांसाठी संध्याकाळचे वाणिज्य वर्ग काढले. दिवसभर कचेरीत किंवा बँकेत खर्डेघाशी करायची आणि संध्याकाळी हिशेब नि कायदा शिकायचा. वर्ग भाड्याच्या जागांत भरत. जागा अपुरी पडली की दुसरी शोधायची. १९२८ पासून सूत्रं हाती असलेले जॉर्ज स्पार्क्स यांची कारकीर्द बरीचशी या जागा शोधण्यातच गेली. कॉलेजच्या खेळाच्या संघाचं बोधचिन्ह काय, तर घुबड. रात्रशाळेला तेच शोभणार.

पुढची नावं भराभर बदलत गेली. १९४७ मध्ये ही संस्था जॉर्जिया विद्यापीठाची अटलांटा शाखा झाली, १९५५ मध्ये स्वतंत्र कॉलेज आणि १९६९ मध्ये विद्यापीठ. जॉर्जिया विद्यापीठाचं मूळ ठाणं अथेन्सला, अटलांटापासून साधारण ११० किलोमीटरवर. अथेन्स म्हणजे अमेरिकेतलं नमुनेदार कॉलेजगाव. तिथली दुकानं, खानावळी, गाण्याचे अड्डे आणि शनिवारचा फुटबॉल, सगळं विद्यापीठाभोवती फिरतं. अटलांटाच्या शाखेत यातलं काहीच नव्हतं. होता तो बसस्टॉप.

आपल्याला हे समजायला फार दूर जायला नको. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं तेव्हा ते परीक्षा घेणारं आणि पदव्या देणारं विद्यापीठ होतं. पुढे कलिन्यात विद्यानगरी वसवली, पण तिथला बहुतेक विद्यार्थी आजही सांताक्रूझ नाहीतर कुर्ला स्टेशनवरून येतो आणि लेक्चर झालं की ६:१२ की ६:२० या हिशेबात पडतो. रुईया नाक्यावर किंवा फर्ग्युसन रस्त्यावर कॉलेजचं जे वातावरण आहे ते कुणी आराखडा काढून केलेलं नाही. जॉर्जिया स्टेटनं मात्र ते आराखडा काढून करायचं ठरवलं आणि म्हणूनच तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

त्याआधी या गोष्टीतलं एक काळं पान. १९५६ मध्ये तीन कृष्णवर्णीय स्त्रियांनी इथं प्रवेशासाठी अर्ज केले. प्रवेशाला माजी विद्यार्थ्यांची शिफारस लागत असे आणि माजी विद्यार्थी सगळे गोरे. म्हणजे दार उघडं, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात. त्या कोर्टात गेल्या. जानेवारी १९५९ मध्ये न्यायालयानं ही अट घटनाबाह्य ठरवली. त्यावर राज्याच्या विधिमंडळानं प्रवेशाला वयोमर्यादा घालणारा कायदा करून त्यांची वाट पुन्हा अडवली. कामकरी प्रौढांसाठी काढलेल्या कॉलेजला वयाची अट! पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी आत आली ती १९६२ मध्ये. आज कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पदवी देण्यात हीच संस्था देशात पहिल्या रांगेत आहे.

१९५७ ते १९८८ अशी एकतीस वर्षं नोआ लँगडेल अध्यक्ष होते. (तिथला अध्यक्ष म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू.) त्यांच्या काळात इमारती पटापट उठल्या आणि त्या सगळ्या काँक्रीटच्या. त्या वेळच्या नगररचनेच्या फॅशनप्रमाणे रस्त्याच्या वर उंच चौथरे बांधले आणि इमारतींमध्ये पूल टाकले. डिकेटर स्ट्रीटच्या दोन बाजूंना असलेले ग्रंथालयाचे दोन भाग रस्त्यावरून गेलेल्या पुलानं जोडलेले आहेत. सोय उत्तम; पावसात भिजायला नको, सिग्नलला थांबायला नको. पण विद्यार्थ्याचा पाय रस्त्याला लागायचाच बंद झाला. विद्यार्थी वर, गाव खाली. मग खाली कोपऱ्यावर चहा-कॉफीचं दुकान टाकेल कोण? १९७९ मध्ये मार्टा ही शहराची मेट्रो सुरू झाली. तिच्या पहिल्याच मार्गाचं शहराकडचं टोक होतं जॉर्जिया स्टेट स्टेशन. येणंजाणं आणखी सोपं झालं. राहण्याची सोय मात्र शून्य. एकही वसतिगृह नाही.

१९९२ मध्ये कार्ल पॅटन अध्यक्ष झाले. पेशानं नगररचनाकार. अटलांटाचा मध्यभाग तेव्हा ओस पडत चालला होता. कचेऱ्या आणि दुकानं उपनगरांकडे निघाली होती, संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसे. अशा वेळी बहुतेक विद्यापीठं कुंपण उंच करतात. पॅटन यांनी उलटं केलं. ते स्वतः सपत्नीक डाऊनटाऊनमध्ये राहायला आले आणि शहरानं सोडून दिलेल्या इमारती एकेक करून विद्यापीठाकडे घेऊ लागले. बंद पडलेलं रिआल्टो थिएटर दुरुस्त होऊन १९९६ मध्ये विद्यापीठाचं नाट्यगृह म्हणून उघडलं. जुन्या ऑफिस इमारतींत संगीत विभाग गेला, बँकेच्या इमारतीत सार्वजनिक धोरणाचं अँड्र्यू यंग स्कूल गेलं. २००७ मध्ये तर सनट्रस्ट बँकेचा २६ मजली टॉवरच घेतला. वरचे पूल नव्हे, खालचा रस्ता हाच आपला परिसर, असा त्यांच्या आराखड्याचा रोख होता. मला विचाराल तर या विद्यापीठाच्या वाटचालीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. फुटबॉल, स्टेडियम, देणग्या हे सगळं नंतरचं.

पहिलं वसतिगृह मिळालं तेही उरलेल्यातून. १९९६ च्या ऑलिंपिकसाठी खेळाडूंची निवासस्थानं बांधली होती. स्पर्धा आटोपल्यावर त्यातल्या काही इमारती जॉर्जिया स्टेटला मिळाल्या आणि सुमारे दोन हजार मुलं तिथं राहायला गेली. विद्यापीठ सुरू झाल्यापासून त्र्याऐंशी वर्षांनी! पण जागा जॉर्जिया टेकच्या शेजारी, आपल्या वर्गांपासून दोनेक किलोमीटर लांब. मधे शटल बस. म्हणजे वसतिगृहात राहूनही अपडाऊन काही चुकलं नाही. अखेर २००७ मध्ये विद्यापीठानं परिसरातच सुमारे दोन हजार मुलांसाठी ‘युनिव्हर्सिटी कॉमन्स’ बांधलं आणि ऑलिंपिकच्या इमारती टेकला देऊन टाकल्या. पुढे पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी वेगळं वसतिगृह झालं. त्याला पॅटन यांचं नाव आहे. दोन हॉटेलं घेऊन तीही वसतिगृहात बदलली. रात्री दहाला रस्त्यावर माणसं दिसू लागली. खाण्याच्या जागा उशिरापर्यंत उघड्या राहू लागल्या.

मग फुटबॉल. अमेरिकन दक्षिणेत फुटबॉलचा संघ नाही ते कसलं विद्यापीठ, अशी भावना आहे. बिल करी या नावाजलेल्या प्रशिक्षकाला आणून २ सप्टेंबर २०१० रोजी जॉर्जिया डोममध्ये पहिला सामना खेळला गेला. तीस हजारांवर प्रेक्षक आले आणि शॉर्टर विद्यापीठाला ४१-७ असं हरवलं. पहिल्याच दिवशी एवढी गर्दी म्हणजे कौतुकच. पण खेळाचा हा पसारा मोठ्या प्रमाणावर विद्यार्थ्यांच्या फीवर चालतो. रात्री नोकरी करून सकाळी वर्गात येणारी मुलगी, जिला शनिवारीही ड्युटी असते, तीही या खेळासाठी पैसे भरते. कॉलेजगावाची हौस कुणाच्या खिशातून भागवायची, हा प्रश्न इथं सुटलेला नाही आणि तो विचारणारे विद्यार्थीही कमी नाहीत.

स्टेडियमची कथा तर आणखी गुंतागुंतीची. १९९६ चं ऑलिंपिक स्टेडियम पुढं अटलांटा ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघासाठी ‘टर्नर फील्ड’ झालं. २०१६ नंतर ब्रेव्ह्ज उपनगरात निघून गेले. शहराच्या गळ्यात भलंमोठं स्टेडियम आणि त्याभोवती डांबरी पार्किंगचा समुद्र उरला. जानेवारी २०१७ मध्ये विद्यापीठानं एका विकसकाच्या जोडीनं ही सगळी जागा सुमारे ३ कोटी डॉलरना घेतली आणि त्याच वर्षी बेसबॉलच्या मैदानाचं फुटबॉलचं मैदान केलं. गॅरेज, थिएटर, बँक, हॉटेल आणि आता स्टेडियम. शहरानं टाकलं की जॉर्जिया स्टेट उचलणार, ही रीतच पडली.

पण स्टेडियम मोकळ्या माळावर नव्हतं. समरहिल, पीपल्सटाऊन अशा जुन्या, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्याला लागून आहेत. महामार्ग आणि आधीचं स्टेडियम यांच्यासाठी साठच्या दशकात याच भागातली घरं पाडली गेली होती. विद्यापीठ येतंय म्हटल्यावर लोकांना पहिली आठवण झाली ती बुलडोझरची. २०१७ च्या वसंतात रहिवासी आणि काही विद्यार्थ्यांनी स्टेडियमबाहेर तंबू ठोकून मुक्काम केला. मागणी एकच: स्थानिकांच्या हिताचा, कायद्यानं बांधील असा लेखी करार करा. तसा करार विद्यापीठानं केला नाही. गाव वसवायला निघालेल्यांनी तिथं आधीच एक गाव आहे हे लेखी मान्य करायला हवं होतं, असं माझं मत आहे. त्यानंतर समरहिलची जॉर्जिया अव्हेन्यू सजली, जुन्या दुकानांत नवी हॉटेलं आली, घरांच्या किमती चढल्या. मूळच्या लोकांपैकी किती टिकले आणि किती उठले, हे तिथल्या प्रत्येक बैठकीत निघतंच.

याच काळात विद्यापीठानं जे दुसरं काम केलं त्याचा गाजावाजा जास्त झाला, आणि योग्यच झाला. २००३ मध्ये सहा वर्षांत पदवी पुरी करणाऱ्यांचं प्रमाण ३२ टक्के होतं. दहा-अकरा वर्षांत ते ५४ टक्क्यांवर गेलं. २०१२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या आठशेच्या वर खुणांवर संगणक रोज नजर ठेवतो. चुकीचा विषय घेतला, पायाभूत विषयात कमी ग्रेड मिळाली, की सल्लागाराचा फोन जातो. त्याहून मला भावली ती साधी गोष्ट. अनेक मुलांची नावं काही शे डॉलर फी थकली म्हणून यादीतून कमी व्हायची. शेवटच्या वर्षातली, चांगले ग्रेड असलेली मुलंसुद्धा. विद्यापीठानं तेवढी रक्कम स्वतःहून खात्यात भरायला सुरुवात केली. अर्ज नको, विनवण्या नकोत. एकदा नाव कमी झालेला अपडाऊनवाला सहसा परत येत नाही. त्याचं कोपऱ्यावर कुणी ओळखीचं नसतं, खोलीवर येऊन ‘अरे, का येत नाहीस?’ असं विचारणारं कुणी नसतं. कॉलेजगावात जे काम मित्रमंडळी करतात ते इथं संगणकानं आणि छोट्या धनादेशांनी केलं.

२०१६ मध्ये उपनगरांतलं जॉर्जिया पेरिमीटर कॉलेज जॉर्जिया स्टेटमध्ये विलीन झालं आणि विद्यार्थिसंख्या एकदम फुगली. म्हणजे एकीकडे डाऊनटाऊनमध्ये खोल्या वाढत होत्या आणि दुसरीकडे येऊन-जाऊन शिकणारेही वाढत होते. वसतिगृहांत आजही दहातला जेमतेम एखादाच मावतो.

२०२१ मध्ये ब्रायन ब्लेक अध्यक्ष झाले. या पदावरचे ते पहिले कृष्णवर्णीय. त्यांच्या आराखड्यात डाऊनटाऊनला कॉलेजगाव करणं हे चार मुख्य उद्दिष्टांपैकी एक म्हणून स्पष्टच लिहिलं आहे. कोविडनंतर कचेऱ्या पुन्हा रिकाम्या झालेल्या, त्यामुळे शहरालाही हे हवंच होतं. कोकाकोलाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या वुडरफ फाउंडेशननं यासाठी ८ कोटी डॉलर दिले. गिल्मर स्ट्रीट गाड्यांना बंद करून पायी चालणाऱ्यांचा करायचा, हर्ट पार्क ही चाळीसच्या दशकातली बाग परिसराशी जोडायची, मधोमध हिरवळ करायची, असा बेत आहे. केल हॉल त्याआधीच, २०१९-२० मध्ये, पाडला गेला. त्या जागी झाडं आणि पायवाट आहे.

या सगळ्यात मला सर्वांत आशादायक वाटलं ते एक किराणा दुकान. स्टेडियमभोवतीच्या पार्किंगच्या जागेवर २०२३ मध्ये पब्लिक्स या साखळीचं सुपरमार्केट उघडलं. समरहिलचे लोक ताज्या भाजीपाल्याचं मोठं दुकान कित्येक वर्षं मागत होते आणि वसतिगृहातल्या मुलांनाही तेच हवं होतं. विद्यापीठाच्या मूळ आराखड्यात काय होतं, कुणाच्या दबावानं काय आलं, यावर तिथं अजून वाद चालतात. दुकान मात्र चालतं, आणि फुटबॉलचा सामना नसलेल्या दिवशीही चालतं.