लोणारचा गुलाबी, पानातला नारिंगी

२०२० च्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं हिरवट पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीत घरी बसलेल्या महाराष्ट्राने ते फोटो मोबाइलवर पाहिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मीठप्रिय सूक्ष्मजीवांचं, म्हणजे हॅलोआर्कियाचं, फावलं होतं.

या जिवांचा रंग मुख्यतः कॅरोटिनॉइड गटातल्या रंगद्रव्यांचा. पालक, चवळी, शेवग्याचा पाला यांतही याच गटातलं नारिंगी बीटा-कॅरोटीन असतं. हिरव्या हरितद्रव्याआड ते दिसत नाही, इतकंच.

१९७१ मध्ये ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी अशाच एका मीठप्रिय जिवाच्या जांभळ्या पटलात बॅक्टेरिओऱ्हॉडॉप्सिन हे प्रथिन ओळखलं. त्यात रेटिनल नावाचा रेणू बसलेला असतो. उजेड पडला की रेणूचा आकार बदलतो, प्रथिन पेशीबाहेर प्रोटॉन ढकलतं आणि त्या जिवाला ऊर्जा मिळते. हे रेटिनल बनतं बीटा-कॅरोटीनचा रेणू मधोमध तुटून.

शास्त्रज्ञांना हा रेणू नवा नव्हता. जॉर्ज वाल्ड यांना १९३३ मध्ये डोळ्याच्या दृष्टिपटलात जीवनसत्त्व अ सापडलं होतं. पुढच्या कामातून कळलं, की आपल्या डोळ्यात उजेड टिपणारा रेणूही रेटिनलच. या संशोधनासाठी १९६७ चं नोबेल पारितोषिक मिळालं, त्यात वाल्ड होते.

आपलं शरीर हा रेणू मुळापासून घडवू शकत नाही. तो पालेभाज्यांतून येतो, नाहीतर हिरवा चारा खाल्लेल्या गाईच्या दुधातून. पुरवठा तुटला की आधी रातांधळेपणा येतो. पुढे डोळा कोरडा पडून लहान मूल कायमचं आंधळं होऊ शकतं. म्हणून १९७० मध्ये भारत सरकारने १ ते ५ वर्षांच्या मुलांना दर ६ महिन्यांनी जीवनसत्त्व अ चा मोठा डोस देण्याचा कार्यक्रम सुरू केला.

डोस हवाच होता, पण तो ताटातली उणीव झाकतो, भरून काढत नाही. शेवग्याच्या पाल्याची भाजी ती भरून काढू शकते. फक्त फोडणीला तेल हवं, कारण स्निग्धाशिवाय कॅरोटीन अंगी नीट लागत नाही.

खाऱ्या पाण्यातला तो जांभळा जीव आणि लोणारच्या काठावरून पाणी पाहणारा माणूस, उजेडासाठी दोघांचीही भिस्त एकाच रेणूवर. तो जीव रेणू स्वतः घडवतो. आपल्याला तो रोज ताटातून मिळवावा लागतो.