सालीपासून सलाईनपर्यंत

टॅक्सॉल या कॅन्सरच्या औषधाची गोष्ट आम्हा नंदुरबारकरांनी जरा मान ताठ करून सांगावी अशी आहे. ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. मनसुख वाणी, १९२५ साली याच गावात जन्मले. तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेशात मोडायचं. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी., काही वर्षं मुंबईच्या कॉलेजात शिकवणं, मग अमेरिकेत पीएच.डी. आणि १९६२ पासून नॉर्थ कॅरोलिनातली रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट. मी इथल्याच शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण आमच्या कुठल्याच पुस्तकात हे नाव नव्हतं. ते कळलं मला अंडाशयाचा कॅन्सर निघाला तेव्हा. ऑपरेशनमध्ये पिशवी, अंडाशय सगळं काढलं, आणि सुरतेला केमो सुरू झाली. बाटलीवर पॅक्लिटॅक्सेल लिहिलेलं. टॅक्सॉल म्हणतात ते हेच.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाचे नमुने गोळा केले. मन्रो वॉल आणि वाणी यांनी १२ किलो वाळक्या सालीतून जेमतेम अर्धा ग्रॅम शुद्ध द्रव्य काढलं आणि १९७१ मध्ये त्याच्या रेणूची रचना छापली. माझा एका वेळचा डोस २६० मिलिग्रॅम. म्हणजे त्या अर्ध्या ग्रॅममध्ये माझ्या दोन सलाईनसुद्धा भागल्या नसत्या! शिवाय साल काढली की झाड मरतं, ते वेगळंच.

औषधाचा इतिहास सांगणारे बहुतेक या सालीपाशीच रमतात. केमोच्या खुर्चीत बसणाऱ्या बाईला मात्र त्यानंतरचा भाग जास्त जवळचा. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते क्रेमोफोर नावाच्या द्रावणात मिसळलं, आणि ते बनतं एरंडेलापासून. लहानपणी आईने नाक दाबून पाजलेलं एरंडेल म्हातारपणी शिरेतून घ्यावं लागेल असं कोणाला वाटलं असतं? १९८४ च्या सुमारास माणसांवर चाचण्या सुरू झाल्या तेव्हा काहींना थेंब सुरू होताच श्वास कोंडायचा, ब्लडप्रेशर झर्रकन उतरायचं. काही जण दगावले. औषध तिथेच गुंडाळायची वेळ आली होती. मग सलाईन २४ तासांवर लांबवली आणि आधी स्टेरॉईड व ॲलर्जीची औषधं द्यायची पद्धत बसली. तरीही अंडाशयाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजुरी मिळायला १९९२ चा डिसेंबर उजाडला.

केमोच्या आदल्या रात्री उठून मी डेक्सामेथासोन या स्टेरॉईडच्या गोळ्या गिळायचे त्या ही ॲलर्जी टाळण्यासाठी. झोपेचं खोबरं, गाल लालबुंद आणि पहाटे तीनला कडकडून भूक. सुरतेच्या सिस्टर सलाईन लावल्यावर पहिली काही मिनिटं खुर्चीपासून हलायच्या नाहीत. “मासी, छाती भरून आली, कंबर दुखली, तर लगेच सांगा हं.” तोवर माझ्या गाऊनचं वरचं बटण त्यांनी स्वतःच सैल केलेलं असायचं.

ओकारीची कथा दुसऱ्या औषधाची. बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. १९६५ मध्ये ध्यानात आलं की जिवाणूंचं विभाजन विजेने नव्हे, प्लॅटिनमच्या पट्ट्यांमधून सुटलेल्या क्षारांनी अडवलं. त्यातून आलेलं सिसप्लॅटिन १९७८ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरला मंजूर झालं. गुण मोठा, पण जवळजवळ प्रत्येकाला उलट्या, दिवसदिवसभर. हैराण होऊन उपचार सोडणारेही होते. १९८१ मध्ये डॉ. रिचर्ड ग्राला यांनी मोठ्या डोसात मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे आपल्या घरातलं पेरिनॉर्म, देऊन फरक दाखवला. १९९० नंतर ऑन्डॅनसेट्रॉन आलं, आपल्याकडची एमसेट, आणि सगळं चित्र पालटलं. मला मळमळ झाली, पण बादली जवळ घेऊन बसायची पाळी आली नाही. त्याची किंमत बद्धकोष्ठ. टाके ताजे असताना कुंथायची सोय नाही, म्हणून रोज इसबगोल.

केस गेले, त्याबद्दल फारसं लिहीत नाही, पदर होता. तोंड आलं तेव्हा मात्र आमच्या गावाचा राग यायचा. पथारींवर मिरची वाळत असते, वाऱ्याबरोबर ठसका थेट घरात. मीठ आणि खायच्या सोड्याच्या गुळण्या, ताक, मऊ मुगाची खिचडी, तीही कोमट. अंडाशय गेल्यामुळे रात्री अंगाचा भडका उडायचा तो निराळाच, सून म्हणायची, “आई, पंखा तुम्ही घ्या, आम्ही गोधडी घेतो.”

राहिल्या हातापायांच्या मुंग्या. १९७९ मध्ये शास्त्रज्ञ सुझन हॉरविट्झ यांनी दाखवलं की टॅक्सॉल पेशीतल्या सूक्ष्म नळ्या घट्ट धरून ठेवतं, त्या सुटू देत नाही, आणि पेशीचं विभाजन अडतं. पण तशाच नळ्या नसांमध्येही असतात, रेल्वेच्या रुळांसारख्या. नसेचा माल त्यांवरूनच बोटांच्या टोकापर्यंत जातो. सिसप्लॅटिनच्या जोडीला टॅक्सॉल तीन तासांत दिलं तर हा त्रास फार वाढतो. २००३ मध्ये छापलेल्या मोठ्या चाचण्यांत कार्बोप्लॅटिन या प्लॅटिनमच्याच दुसऱ्या औषधाची जोडी तितकीच गुणकारी ठरली, म्हणून मला ते.

तरी ब्लाउजचे हुक लागेनात. आंघोळीचं पाणी कोपराने तपासू लागले, कारण बोटांना कढत कळत नव्हतं. उलटीसारखा यावर खात्रीचा उपाय अजून निघालेला नाही. २०१३ मध्ये ड्युलोक्सेटिन नावाचं औषध दुखण्याला काही प्रमाणात उतार देतं एवढं दिसलं. सलाईन चालू असताना हातापायांना गार ठेवायची पद्धत काही ठिकाणी आहे; सिस्टरांनी माझ्या हातांवर टॉवेलात गुंडाळलेल्या बर्फाच्या पिशव्या बांधल्या, आणि पुढच्या फेरीला डॉक्टरांनी डोस थोडा उतरवला. हुक आता लागतात. पायातली चप्पल कुठे निसटली ते मात्र अजून मागे वळून पाहावं लागतं.