पीक तोंडाशी येताना : प्रेअरीतील अवर्षणाची हकीकत

कॅनडातील प्रेअरी म्हणजे गव्हाचे कोठार, हे वाक्य शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनीच पाठ केलेले असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. या कोठाराच्या दक्षिण भागात कमी पावसाचा एक मोठा पट्टा आहे आणि तिथला शेतकरी गेली सव्वाशेहून अधिक वर्षे अवर्षणाशी झगडत आला आहे. त्याने कोणते उपाय केले, त्यांतले कोणते उपयोगी पडले आणि कोणता त्याच्याच अंगावर उलटला, ते आज सांगायचे आहे. कोरडवाहू शेती करणाऱ्यांना ही हकीकत परकी वाटू नये.

शिक्षकबंधुभगिनींनी उत्तर अमेरिकेचा नकाशा समोर घ्यावा. आल्बर्टा, सास्काचेवान आणि मॅनिटोबा हे तीन प्रांत म्हणजे प्रेअरी. त्यांच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यात पाऊस आणि वितळलेले बर्फ मिळून वर्षाला साधारण बारा ते पंधरा इंच पाणी मिळते. आपल्यासारखे खरीप आणि रब्बी असे दोन भक्कम हंगाम तिथे नाहीत. हिवाळ्यात जमीन गोठून दगडासारखी होते. गहू मे महिन्यात पेरायचा, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात, थंडीचा कडाका पडण्याच्या आत, कापून मोकळे व्हायचे. जूनचा पाऊस चुकला की पीक गेले, आणि पीक गेले की वर्ष गेले!

या पट्ट्याबद्दल धोक्याची सूचना कोणी दिली नव्हती असे नाही. १८५७ ते १८६० या काळात जॉन पॅलिसर यांच्या पथकाने हा मुलूख पाहिला, आणि दक्षिणेकडचा हा त्रिकोणी भाग शेतीला योग्य नाही असा अभिप्राय दिला. त्या भागाला आजही ‘पॅलिसरचा त्रिकोण’ म्हणतात. पुढे १८७० च्या दशकात जॉन मॅकून नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ आले. त्यांना भरपूर पावसाची वर्षे लाभली, तेव्हा त्यांनी हीच जमीन सुपीक ठरवली. आता यात खोटे कोण बोलले? कोणीच नाही. ज्याने जी वर्षे पाहिली, तसे त्याने लिहिले. पण सरकारला वसाहत हवी होती, रेल्वेला माल आणि उतारू हवे होते. म्हणून दुसऱ्याचे म्हणणे अधिक गोड लागले.

१८७२ च्या कायद्याने दहा डॉलर फी भरणाऱ्याला १६० एकर जमीन मिळू लागली. अट एवढीच, की तिथे राहायचे आणि जमीन वहितीला आणायची. रानगव्यांचे कळप तोवर संपत आले होते, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या मूळ रहिवाशांना राखीव वस्त्यांत कोंडण्यात आले. १८८५ साली पॅसिफिक रेल्वे पुरी झाली. पुढच्या तीस वर्षांत युरोपातून आणि अमेरिकेतून लाखो माणसे या गवताळ मुलखात येऊन राहिली.

त्याच १८८५ साली एक गोष्ट योगायोगाने घडली. सास्काचेवान नदीच्या खोऱ्यात मेती लोकांचे बंड झाले. ते मोडायला निघालेल्या फौजेचे सामान वाहण्यासाठी इंडियन हेड या गावाकडचे शेतकरी आपापली जनावरे घेऊन गेले, आणि पुष्कळ शेते पेरणीवाचून राहिली. अँगस मॅके नावाच्या शेतकऱ्याने आपली पड राहिलेली जमीन वरचेवर मशागत करून तणमुक्त ठेवली. पुढचे १८८६ साल कोरडे गेले. पण पड ठेवलेल्या जमिनीत ओल साठली होती, तिथे गहू आला. हेच मॅके पुढे इंडियन हेडच्या सरकारी प्रयोगक्षेत्राचे पहिले अधीक्षक झाले, आणि जमीन आलटून पालटून उन्हाळाभर पड ठेवण्याची पद्धत सगळ्या प्रेअरीत पसरली.

दुसरी मदत झाली ती बियाण्याची. चार्ल्स साँडर्स या शास्त्रज्ञांनी ‘मार्क्विस’ नावाचा गहू निवडून काढला. तो जुन्या ‘रेड फाइफ’ गव्हाच्या आठवडाभर आधी पिकत असे. या मार्क्विसच्या आईबापांपैकी एक होता ‘हार्ड रेड कलकत्ता’, म्हणजे हिंदुस्थानातून गेलेला गहू! आपल्याकडच्या दाण्याचा लवकर पिकण्याचा गुण प्रेअरीच्या कामी आला.

मग संकट आले कुठून? ते त्या पडीतूनच आले. ओल टिकावी म्हणून शेतकरी पड जमीन पुन्हा पुन्हा नांगरीत, कुळवीत आणि वरची माती अगदी भुगा करून ठेवीत. वर एक काडी दिसली तर ते गबाळेपणाचे लक्षण समजले जाई. वर्षे बरी होती तोवर हे खपले. १९३० च्या दशकात लागोपाठ अवर्षणे पडली, वारे सुटले, आणि ही उघडी माती आकाशात उडाली. कुंपणे मातीखाली गाडली गेली. ज्या उपायाने आजोबांना तारले, त्यानेच नातवाचे शेत उडवून नेले.

त्यात भर पडली जागतिक मंदीची. १९३२ च्या डिसेंबरात गव्हाचा भाव बुशेलला चाळीस सेंटच्याही खाली गेला. टोळ आले. १९३५ साली पीक बरे दिसत होते, तर त्यावर तांबेरा पडला. आणि १९३७ साली सर्वांवर कडी झाली. ५ जुलैला सास्काचेवानातील यलो ग्रास आणि मिडेल या गावी ४५ अंश तपमान नोंदले गेले. त्या वर्षी प्रांताचे सरासरी उत्पन्न एकरी अडीच-पावणेतीन बुशेल आले. एक बुशेल गहू म्हणजे सुमारे सत्तावीस किलो. पेरायलाच एकरी एक-सव्वा बुशेल लागे, यावरून काय ते समजा.

अशा वर्षी, कापणी महिन्यावर आली असताना, शेतकऱ्यापुढे जो पेच पडे तो नीट समजून घ्या. पीक इतके खुजे, की कापून पेंढ्या बांधणाऱ्या यंत्राला ते धरताच येईना. ते हिरवेच कापून जनावरांना घालावे, की दाणा भरेल या आशेवर उभे ठेवावे? कापले तर पुढच्या वर्षाचे बी गेले. ठेवले आणि दाणा भरलाच नाही, तर हिवाळ्यात घोडे काय खाणार? घोडे मेले तर नांगर कोण ओढणार? पुष्कळांनी वाऱ्याबरोबर घरंगळत जाणारे रशियन काटेझुडूप कोवळे असताना कापून वैरण म्हणून साठवले. पेट्रोल परवडेना म्हणून मोटारीचे इंजिन काढून तिला घोडे जुंपले, आणि पंतप्रधान बेनेट यांच्या नावाने तिला ‘बेनेट बग्गी’ म्हटले. पूर्वेकडच्या प्रांतांनी आगगाडीने सफरचंदे, भाजीपाला आणि खारवलेले मासे पाठवले. ते मासे शिजवायचे कसे, हे समुद्र न पाहिलेल्या गृहिणींना ठाऊक नव्हते! १९३७ साली सास्काचेवानच्या ग्रामीण भागातले दोन तृतीयांश लोक मदतीवर जगत होते. त्या दशकात सुमारे अडीच लाख माणसे प्रेअरी सोडून गेली.

जे राहिले त्यांनी काय केले? आल्बर्टातील मोनार्क गावच्या कूल बंधूंनी आधीच एक युक्ती काढली होती. शेताचे अरुंद पट्टे पाडायचे, एक पिकाचा आणि एक पडीचा, म्हणजे वाऱ्याला सलग मोकळे रान मिळत नाही. नोबलफोर्डच्या चार्ल्स नोबल यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास एक रुंद पाते तयार केले. ते जमिनीखालून चालते, तणाची मुळे कापते, पण माती उलथत नाही. गव्हाची धसकटे वर तशीच उभी राहतात. आपल्या वखराची पास आठवा, म्हणजे कल्पना येईल. १९३५ साली कॅनडा सरकारने प्रेअरी शेती पुनर्वसनाचा कायदा केला. त्यातून शेततळी खोदली गेली, वाऱ्याला आड येणाऱ्या झाडांच्या रांगा लागल्या, आणि उडालेल्या जमिनींवर पुन्हा गवत लावून सामुदायिक कुरणे झाली. १९३९ साली पीक बुडालेल्या भागाला पैसे देण्याचा कायदा झाला, आणि १९५९ साली पीकविम्याचा.

अवर्षणे त्यानंतरही आली : १९६१, १९८८, २००१-०२. २००२ साली पूर्वेकडच्या शेतकऱ्यांनी आगगाडीने वैरण धाडली. दरम्यान संशोधकांनी मोजून पाहिले, तर पड जमीन मधल्या काळातल्या पावसाचा जेमतेम पाचवा हिस्सा राखते असे दिसले. मग पड कमी होत गेली. नांगर बाजूला ठेवून धसकटांतच पेरण्याची पद्धत १९९० च्या दशकात रुळली, आणि पडीच्या जागी कडधान्ये आली. सास्काचेवान विद्यापीठात १९७० च्या दशकापासून मसुरावर काम झाले, आणि आज भारत ज्या देशांकडून मसूर घेतो त्यांत कॅनडा प्रमुख आहे. आपल्या आमटीतल्या मसुराचे एक मूळ असे त्या पड जमिनीत आहे.

२०२१ साली पुन्हा मोठे अवर्षण पडले. कॅनडाचे गव्हाचे उत्पादन आदल्या वर्षापेक्षा एक तृतीयांशाहून अधिक घटले. जुना पेचही पुन्हा उभा राहिला : कापावे की थांबावे? पण या खेपेस सास्काचेवानच्या पीकविमा महामंडळाने जुलैतच नियम सैल केले, म्हणजे हलके पीक वैरणीसाठी सोडून देणाऱ्याला विम्याचे संरक्षण राहिले. नुकसान पुष्कळांचे झाले. पण १९३७ सारखी शेते उडाली नाहीत, आणि गावेच्या गावे उठली नाहीत.

कापणीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या हाती फार थोडे असते. आभाळाकडे पाहणे त्याला सुटत नाही, प्रेअरीतही नाही आणि आपल्याकडेही नाही. परंतु त्या वेळी पिकाखाली किती ओल असेल, हे बरेचसे आदल्या सुगीनंतर ठरलेले असते : धसकटे जाळली की राखली, माती उघडी टाकली की झाकली, यावर. गावात चार जण बसतील तेव्हा आपल्या रानात, आपल्या मातीत यातले काय चालेल आणि काय चालणार नाही, याचा एकदा विचार करून पाहा. प्रेअरीचा उपाय जसाच्या तसा उचलू नका, कारण तिथेही एकेकाळचा उत्तम उपाय पन्नास वर्षांनी तपासून बदलावा लागला.