खोरे, साखळी आणि उपग्रह : भोर-वेल्ह्याचा भूगोल कसा वाचला गेला?

१/८ भूगोल म्हणजे नद्या आणि राजधान्यांची पाठ करायची यादी, असा समज शाळेतच रुजतो. वस्तुतः हे शास्त्र दोन प्रश्न धरून चालते : एखादी गोष्ट कुठे आहे, आणि ती तिथेच का आहे? भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत प्रत्येक काळाने त्यांची उत्तरे आपापल्या साधनांनी शोधली.

२/८ पहिले साधन पाण्याची वाट. शिवकाळात मावळचे विभाग नद्यांनुसार ओळखले जात : गुंजवणीचे गुंजण मावळ, कानंदीचे कानद खोरे, वेळवंडीचे वेळवंड खोरे. देशमुखीही तशीच : रोहिड खोऱ्यात जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर. दोन खोऱ्यांमधली डोंगरधार हीच सीमारेषा.

३/८ राजगडाची जागा याच दृष्टीने पाहावी. मुरुंबदेवाच्या डोंगरावर उभ्या राहिलेल्या या राजधानीच्या उत्तरेस गुंजण मावळ, दक्षिणेस वेळवंड खोरे. एकाच माथ्यावरून दोन्हींवर नजर राहते.

४/८ इंग्रजी अमलात साखळी आली. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापुरात जमीन मोजणीचा नवा पायंडा पाडला. मोजणीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर.

५/८ कड्यांवर मात्र साखळी चालत नाही. तिथे थिओडोलाइट हे कोन मोजणारे यंत्र लागते. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासहून याच तत्त्वावर देशाची मोजणी आरंभली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या '४७ एफ' नकाशामालेत हा प्रदेश येतो. समोच्च रेषा दाटल्या की कडा, विरळ झाल्या की सपाटी. १,४०३ मीटर उंचीचा तोरणा त्यांतून ओळखता येतो.

६/८ पर्जन्यमापकाने आणखी एक गोष्ट आकड्यांत मांडली : घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस, पण पूर्वेकडे बारामती-इंदापूर पर्जन्यछायेत. १९२८ मध्ये वेळवंडीवर भाटघरचे मोठे धरण पूर्ण झाले, ते ही तफावत ध्यानात घेऊनच. मावळातले पाणी नीरेतून कालव्यांना आणि तिथून दुष्काळी शेतांना मिळू लागले.

७/८ त्याची किंमत वेळवंड खोऱ्याने मोजली. गावे आणि शेते पाण्याखाली गेली. नकाशावर तिथे केवळ निळा रंग उरला. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबरे गावचे कांबरेश्वर मंदिर पुन्हा उघडे पडते.

८/८ उपग्रहाच्या लागोपाठच्या छायाचित्रांत ही पाणरेषा मागे सरताना दिसते. भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह १९८८ मध्ये अवकाशात गेला. पण त्या पाण्याखालची शेते कोणाची होती, हे उपग्रह सांगत नाही. त्यासाठी जुने दप्तर उघडावे लागते आणि खोऱ्यातल्या वृद्धांशी बोलावे लागते. भूगोलाच्या साधनांत त्यांचीही गणना व्हायला हवी.