ठोंबरे, प्रार्थना गुलाबराव

(१८ जून १९९४ – ). भारतीय व्यावसायिक टेनिसपटू. जन्म बार्शी (जि. सोलापूर) येथे. दुहेरीतील खेळाडू म्हणून त्या ओळखल्या जातात. २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी सानिया मिर्झा यांच्या साथीने महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले आणि २०१६ मध्ये त्याच जोडीतून रिओ ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. महानगरातल्या जिमखान्यांच्या परंपरेबाहेरून, एका तालुक्याच्या गावातून येऊन ऑलिंपिकच्या टेनिस कोर्टवर उतरलेल्या मोजक्या भारतीय महिलांत त्यांची गणना होते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात महिलांचे टेनिस दीर्घकाळ मुंबई-पुण्यापुरते मर्यादित होते. मेहेरबाई टाटा यांनी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीत भाग घेतला होता. मुंबईच्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकला आणि तेथे विजय मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. टेनिसपटू निरुपमा मंकड याही मुंबईच्याच. हौशी खेळाच्या त्या काळात घरची सुबत्ता आणि एखाद्या क्लबाचे सदस्यत्व यांवाचून टेनिसची रॅकेट हाती येणे अवघड होते. धान्याची पेठ, भगवंताचे मंदिर आणि जुनी बार्शी लाइट रेल्वे यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बार्शीला असा वारसा नव्हता. प्रार्थना पुढे हैदराबादला सानिया मिर्झा यांच्या अकादमीत सरावासाठी गेल्या आणि त्यांच्या कारकिर्दीला दिशा मिळाली.

इंचॉन ते रिओ

इंचॉनमध्ये वीस वर्षांच्या प्रार्थना यांची जोडी अनुभवी सानिया यांच्याशी जमवण्यात आली. ही जोडी उपांत्य फेरीपर्यंत गेली. तेथे चिनी तैपेईच्या शे सू-वेई आणि चान चिन-वेई यांच्याकडून तिला हार पत्करावी लागली. आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोन्ही जोड्यांना कांस्यपदक मिळते, तिसऱ्या स्थानासाठी वेगळा सामना होत नाही. प्रार्थना यांच्या नावावरचे हे पहिले मोठे आंतरराष्ट्रीय पदक होते.

दोन वर्षांनी रिओसाठी निवड करताना सानिया महिला दुहेरीत जगात अव्वल स्थानी होत्या. मार्टिना हिंगीस हिच्यासोबत त्यांनी २०१५ चे विम्बल्डन व अमेरिकन आणि २०१६ चे ऑस्ट्रेलियन अजिंक्यपद जिंकले होते. दुहेरीच्या क्रमवारीत पहिल्या दहांत असलेल्या खेळाडूच्या जोडीला ऑलिंपिकमध्ये थेट प्रवेश मिळत असे. त्यामुळे सानियासोबत कोण, एवढाच प्रश्न उरला होता, आणि निवड झाली ती प्रार्थना यांची. ग्रँडस्लॅम विजेती एका बाजूला आणि छोट्या व्यावसायिक स्पर्धांतून वर येणारी खेळाडू दुसऱ्या बाजूला, अशी ही जोडी होती. पहिल्याच फेरीत गाठ पडली चीनच्या पेंग श्वाई व झांग श्वाई यांच्याशी. पेंग ही दुहेरीतील माजी अव्वल खेळाडू, विम्बल्डन (२०१३) व फ्रेंच (२०१४) विजेती. भारतीय जोडीने पहिला सेट टायब्रेकमध्ये गमावला, दुसरा ७-५ असा घेतला आणि तिसरा त्याच आकड्याने, ५-७ असा, हातचा गेला. सुमारे पावणेतीन तास चाललेल्या या लढतीने महिला दुहेरीतील भारताचे आव्हान संपले. निकाल पराभवाचा असला, तरी प्रार्थना या पातळीवर टिकतात हे त्यातून दिसले.

दुहेरीचा दौरा

ऑलिंपिकची प्रसिद्धी ओसरल्यावर प्रार्थना यांची कारकीर्द चालली ती वर्षभराच्या व्यावसायिक दौऱ्यावर. या दौऱ्याची पायरी-पायरीची रचना समजून घेतल्याशिवाय दुहेरीतील खेळाडूचे यश मोजता येत नाही. सर्वांत खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या स्पर्धा असतात. डब्ल्यू १५, डब्ल्यू ३५, डब्ल्यू ५०, डब्ल्यू ७५ आणि डब्ल्यू १०० अशा त्यांच्या श्रेणी आहेत. २०२४ पासून नावातला आकडा एकेरीच्या विजेतीला मिळणारे क्रमवारी गुण दाखवतो. त्याच्या वर महिला टेनिस संघटनेच्या १२५ दर्जाच्या स्पर्धा, मग मुख्य दौरा आणि शिखरावर चार ग्रँडस्लॅम.

एकेरीत प्रवेश खेळाडूच्या स्वतःच्या क्रमवारीवर ठरतो. दुहेरीत दोघींच्या क्रमवारीची बेरीज पाहिली जाते. एकीचे स्थान १२० आणि दुसरीचे १५० असेल, तर जोडीचा आकडा २७०. ड्रॉच्या जागा मर्यादित असल्याने तो जितका कमी तितकी प्रवेशाची खात्री अधिक. त्यामुळे चांगली जोडीदार मिळवणे हा दुहेरीतील खेळाडूच्या कामाचाच भाग होऊन बसतो. जोडीदार दुखापतीने बसली, तिने एकेरीसाठी वेगळी स्पर्धा निवडली किंवा तिची क्रमवारी घसरली, की पुढच्या आठवड्याचे सगळे गणित नव्याने मांडावे लागते. खेळाचे नियमही वेगळे आहेत. दौऱ्यावरील दुहेरीत ४०-४० झाले की एकच निर्णायक गुण खेळला जातो आणि सर्व्हिस कोणत्या बाजूने घ्यायची हे समोरची जोडी ठरवते. सेट एक-एक झाले, तर पूर्ण तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक होतो. पंधरा-वीस मिनिटांत आठवड्याची मेहनत इकडची तिकडे होऊ शकते.

प्रार्थना यांनी देशोदेशीच्या जोडीदारांसह हा दौरा केला. त्यांतील लक्षणीय जोडी नेदरलँड्सच्या आरियान हार्टोनोबरोबरची. १९९६ मध्ये जन्मलेली हार्टोनो अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाकडून खेळताना २०१८ ची आंतरमहाविद्यालयीन एकेरी विजेती ठरली होती आणि त्यानंतर व्यावसायिक दौऱ्यावर आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर झालेल्या १२५ दर्जाच्या मुंबई ओपनमध्ये ठोंबरे-हार्टोनो जोडीने अंतिम फेरी गाठली. तेथे दालिला याकुपोविच व सबरीना सांतामारिया यांनी त्यांना हरवले. पुढील वर्षीही ही जोडी मुंबईत उतरली.

भारतीय संघात

फेड कप, म्हणजे आताच्या बिली जीन किंग कप स्पर्धेत प्रार्थना यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले आहे. या स्पर्धेच्या विभागीय लढतींत दोन एकेरी आणि एक दुहेरी सामना असतो. एकेरीत बरोबरी झाली, की निकाल दुहेरीच्या हाती जातो. एप्रिल २०२५ मध्ये पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडासंकुलात आशिया-ओशनिया विभागाच्या लढती झाल्या, तेव्हा हेच घडले. न्यूझीलंडविरुद्धच्या पराभवाने सुरुवात करून भारताने पुढच्या लढती जिंकत नेल्या. दक्षिण कोरियाविरुद्धच्या अखेरच्या लढतीत एकेरीत १-१ अशी स्थिती असताना अंकिता रैना व प्रार्थना यांनी दुहेरी सरळ दोन सेटमध्ये जिंकली. भारत न्यूझीलंडसह प्ले-ऑफसाठी पात्र ठरला. यापूर्वी भारताने ही फेरी एकदाच, २०२१ मध्ये लॅटव्हियाविरुद्ध खेळली होती.

मूल्यमापन

प्रार्थना यांच्या पिढीतील दोघींची वाट वेगळी आहे. अहमदाबादच्या अंकिता रैना पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे तयार झाल्या. पुण्याच्या ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळल्या आणि २०२३ मध्ये हांगचौ येथे रोहन बोपण्णा यांच्यासह त्यांनी आशियाई क्रीडास्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. एकेरीत मोठी क्रमवारी नसताना केवळ दुहेरीच्या बळावर दशकाहून अधिक काळ व्यावसायिक टेनिसमध्ये राहणे, हे प्रार्थना यांचे वेगळेपण.

बार्शीसारख्याच आडवळणाच्या गावांतून जागतिक दर्जाचे खेळाडू येतात, याची उदाहरणे इतर खेळांतही आहेत. बुलढाण्याचा तिरंदाज प्रथमेश जावकर याने मे २०२३ मध्ये शांघाय विश्वचषकाच्या कंपाउंड प्रकारात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला अंतिम फेरीत एका गुणाने हरवले. पण तिरंदाजाला राष्ट्रीय निवड झाली की संघासोबत जाता येते. टेनिसपटूला जोडीदार, प्रशिक्षक, प्रवास आणि स्पर्धांचे वेळापत्रक स्वतःच जमवावे लागते, आणि क्रमवारीचे गुण बावन्न आठवड्यांनी गळून पडत असल्याने थांबायची सोय नसते. पुणे, सोलापूर, नवी मुंबई येथे महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्याने राज्यातील मुलींना पहिले गुण परदेशात न जाता मिळवता येतात. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातून एखादी टेनिसपटू पुढे यायची, तर तिच्यासाठी एकेरीच्या गर्दीपेक्षा दुहेरीची वाट अधिक आवाक्यातली ठरू शकते, हे प्रार्थना यांच्या कारकिर्दीने दाखवून दिले आहे.