मद्रासच्या परसातील उन्हाळी पीक

महाराष्ट्रात परसबाग म्हटली की पावसाळ्याची आठवण होते. मृगाच्या सरी पडाव्यात, परसात आळी करून दोडक्याचे, पडवळाचे, काकडीचे बी टोवावे, आणि गौरी-गणपतीच्या सुमारास मांडवावर वेल लवून जावेत, हा आपल्याकडचा परिचित क्रम आहे. उन्हाळा म्हणजे वाळवणाचा आणि विश्रांतीचा काळ. विहिरीला पाणी टिकले तरच चार वाफे हिरवे राहावयाचे.

पूर्व किनाऱ्यावरील मद्रास शहरात, म्हणजे 1996 पासून अधिकृतपणे चेन्नई म्हटल्या जाणाऱ्या नगरात, हे पंचांग बरेचसे उलटे होते. तेथे जून ते सप्टेंबर या महिन्यांत पाऊस पडतो, पण बेताचा. खरी वृष्टी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्येकडील वाऱ्यांबरोबर येते, आणि वर्षाच्या पावसाचा निम्म्याहून अधिक वाटा या तीन महिन्यांतच पडून जातो. आपल्याकडे दिवाळीचे आकाशकंदील लागतात, तेव्हा तेथील तळी भरत असतात. पौषात पाऊस थांबतो, विहिरी काठोकाठ असतात, आणि पोंगल होऊन 'तै' महिना लागला की परसातील माती पेरणीस सिद्ध होते. चैत्र-वैशाखात मद्रासच्या घरात जी भाजी उतरते, ती अशा रीतीने कार्तिकातील पावसाची ठेव असते. या शहराच्या परसबागेचा सारा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

जानेवारीच्या अखेरीस टोवलेली भेंडी मार्चच्या मध्यापासून तोडणीस येते. तिच्यामागून गवार, वांगी, पडवळ आणि दोडकी येतात. कुंपणाशी उभा असलेला शेवगा याच दिवसांत शेंगांनी लोंबू लागतो. तमिळ भाषेत त्यास 'मुरुंगै' म्हणतात, आणि 'मोरिंगा' हे त्याचे शास्त्रीय नाव याच शब्दाच्या कुळातील आहे. एप्रिलच्या मध्यास तमिळ नववर्ष येते. त्या दिवशी कैरी, गूळ आणि कडुनिंबाचा फुलोरा यांची पच्चडी पानात वाढतात. गुढीपाडव्यास कडुनिंबाची पाने चघळणाऱ्या मराठी माणसास तिची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. पुढे मे महिन्याच्या आरंभी सूर्य कृत्तिकेजवळ येतो, आणि 'अग्निनक्षत्र' अथवा 'कत्तिरी' या नावाने ओळखले जाणारे सुमारे साडेतीन आठवड्यांचे कडक ऊन सुरू होते. कोवळ्या पालेभाज्या करपू लागतात. तेव्हा उरलेली गवार आणि वांगी मीठ लावून, मिरच्या ताकात मुरवून, गच्चीवर वाळत घालतात. ज्या उन्हाने बाग सुकते त्याच उन्हात तिचे शेवटचे पीक टिकाऊ करून घ्यावयाचे, ही गृहिणींची जुनी युक्ती होय. आपल्या सांडगी मिरचीच्या मागेही हीच युक्ती आहे.

ही बाग जगत असे ती मागील दारच्या विहिरीवर. मैलापूर अथवा तिरुवल्लिक्केणी येथील जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या पाठीमागे आड आणि त्यापलीकडे परस, अशी मांडणी आढळे. भांडी घासल्याचे आणि स्नानाचे पाणी पन्हळीने केळीच्या बुंध्याशी जाई. उरलेल्या वाफ्यांना हाताने शेंदून पाणी घालीत. पाणी वाया घालवू नये असा उपदेश कोणी करावा लागत नसे; दोर ओढणारे हातच तो उपदेश करीत.

या परसात पूर्वी काय पिकत होते, याचा एक बोलका पुरावा दप्तरात नसून श्राद्धाच्या स्वयंपाकात आहे. तमिळ प्रदेशातील परंपरानिष्ठ घरांत श्राद्धाच्या दिवशी कोबी, गाजर, बटाटा, टोमॅटो यांना मज्जाव असतो. या 'इंग्रजी भाज्या' मानल्या जातात. मिरचीसुद्धा वर्ज्य असून तिखटपणासाठी मिरे वापरतात. चालतात ती कारली, पडवळ, गवार, कच्ची केळी आणि सुरणासारखे कंद. मिरची, बटाटा आणि टोमॅटो सागरापलीकडून आले, हे इतिहासकार कागदपत्रांवरून सिद्ध करतो. श्राद्धाच्या चुलीने ते सांगितले आहे. पितरांना जे ठाऊक नव्हते ते त्यांच्या पानात वाढावयाचे नाही, असाच जणू त्या चुलीचा नियम आहे.

या परसांपैकी काही परसे मराठी बोलणारी होती. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावरास राज्य स्थापिले, आणि 1855 मध्ये ते इंग्रजांनी खालसा केले. त्या राज्याच्या आश्रयाने दक्षिणेत स्थिरावलेल्या घराण्यांतील अनेक कुटुंबे पुढे नोकरीनिमित्त मद्रासला आली. दिवाण सर टी. माधवराव हे त्याच तंजावरी मराठी समाजातले. दुसऱ्या सरफोजीराजांच्या नावाशी निगडित असलेले 'शरभेंद्र पाकशास्त्र' तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने आजवर जपले आहे. दक्षिणेच्या भाजीवर मराठी फोडणी कशी बसली, याची ती साक्ष आहे.

इंग्रजांनी 1639 मध्ये येथे वखारीसाठी जागा मिळविली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीचे श्रीमंत अधिकारी किल्ला सोडून विस्तीर्ण आवारांच्या 'उद्यानगृहां'त राहू लागले. या काळातील बागाईतीचा हेतू मात्र निराळा होता. कंपनीचे वैद्य जेम्स अँडरसन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस सैदापेठेत निवडुंगाची बाग लावली, ती त्या निवडुंगावर पोसणाऱ्या किड्यापासून किरमिजी रंग मिळावा म्हणून. पुढे 1835 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांच्या पुढाकाराने मद्रासची कृषि-उद्यान संस्था स्थापन झाली. परंतु साहेबांच्या भोजनात डब्यांतील परदेशी भाज्यांचे प्रस्थ होते. 'वायव्हर्न' या टोपणनावाने लिहिणारे कर्नल केनी-हर्बर्ट यांनी 1878 च्या आपल्या पाकविषयक पुस्तकात या डबेबंद अन्नावर टीका केली, आणि देशी भाज्या नीट शिजवाव्यात असा आग्रह धरला. दारात शेवगा उभा असताना डबा फोडणाऱ्यांना हे सांगावे लागले! आणि हे पुस्तक निघाले त्याच सुमारास, 1876 ते 1878 या वर्षांत, मद्रास इलाखा भीषण दुष्काळाने होरपळत होता, हेही विसरता येत नाही.

शास्त्रशुद्ध शेतीचा आरंभही सैदापेठेतच झाला. 1865 मध्ये तेथे प्रायोगिक शेत निघाले, त्यातून कृषिशाळा उभी राहिली, आणि 1906 मध्ये ती कोईमतूरला हलविण्यात आली. तेथील परंपरेतून आजचे तमिळनाडू कृषि विद्यापीठ वाढले. पेरियकुळम् येथे निघालेला लवकर फळणारा 'पी.के.एम. 1' हा शेवगा आज महाराष्ट्रातील शेतांतही लावतात. मद्रासच्या कुंपणावरचे झाड असे आपल्या बांधावर आले.

शहरात मात्र याच काळात पाण्याची व्यवस्था पालटत होती. 1872 मध्ये पुळल, म्हणजे रेड हिल्सच्या तळ्याचे पाणी कालव्याने शहराकडे आणण्यात आले. नळ आला आणि विहिरीकडचे लक्ष हळूहळू कमी झाले. 1923 मध्ये मांबळम् येथील नगररचना हाती घेण्यात आली, आणि तेथील 'लाँग टँक' हा लांबच लांब तलाव आटवून त्यागरायनगर वसविण्यात आले. त्या वस्तीत टुमदार घरे झाली, घरांमागे परसेही झाली. पण तळे केवळ पाणी साठवीत नाही. भोवतालच्या विहिरींना ते झिरपा देत असते. बाग करण्यासाठी तळे बुजविले, यातील विसंगती त्या वेळी फारशी कोणास जाणवली नसावी.

परसाची खरी आठवण झाली ती संकटात. 1942 च्या मार्चमध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. एप्रिलमध्ये जपानी आक्रमणाच्या भीतीने मद्रासमधून लोकांचे लोंढे बाहेर गेले. 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम याच काळातली. मागोमाग शिधावाटप आले, आणि राजाजींनी 1952 मध्ये नियंत्रणे उठवीपर्यंत ते कमीअधिक प्रमाणात राहिले. परसातील भेंडीने तांदळाची उणीव भरून निघत नाही, हे उघड आहे. पण मोजून मिळालेल्या भाताबरोबर ताज्या भाजीचा घास असणे आणि नसणे यांतील अंतर त्या पिढीने अनुभवले. 1965 च्या टंचाईत पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी स्वतःच्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर धरला, तेव्हा त्यांनी राष्ट्राला हेच सांगितले.

त्यानंतर परसेच नाहीशी होऊ लागली. घरांच्या जागी सदनिका आल्या, आडांच्या जागी खोल नलिकाकूप आले. किनाऱ्यावरील वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते. 1987 मध्ये भूजलाच्या उपशावर निर्बंध घालणारा कायदा झाला, आणि 2003 मध्ये प्रत्येक इमारतीवर पावसाचे पाणी जिरविण्याची सक्ती करण्यात आली. 2013-14 मध्ये शासनाने चेन्नई व कोईमतूर येथे गच्चीवर भाजी पिकविण्याचे साहित्य सवलतीने देण्याची योजना काढली. काथ्याच्या भुश्याने भरलेल्या पिशव्यांतून वांगी-भेंडी डोलू लागली. आणि तरीही 2019 च्या जूनमध्ये शहराला पाणी पुरविणारे चारही मोठे तलाव जवळजवळ कोरडे पडले. माणसे घागरी घेऊन रांगेत उभी असताना रोपांना पाणी कोठून मिळणार?

म्हणूनच परसबाग हा केवळ हौसेचा विषय मानणे बरोबर नव्हे. कोणते शहर आपला पाऊस किती सांभाळते, हे त्याच्या वैशाखातील वेलीवरून कळते. आज चेन्नईची गच्ची दोन कामे करू शकते: कार्तिकातील सरी जमिनीत उतरविणे, आणि चैत्रातील रोपे अंगावर वाढविणे. यांतील पहिले काम झाले नाही तर दुसरे फार दिवस टिकणार नाही. मागील दारी आड खणणाऱ्या पूर्वजांना हा हिशेब कळला होता. त्यांनी तो कोठे लिहून ठेवला नाही. दरवर्षी अग्निनक्षत्रापूर्वी उतरणाऱ्या भाजीच्या टोपलीत तो मांडलेला असे.